पारदर्शक रिटेनरवरील जीवाणूंचा थर

पारदर्शक रिटेनरवरील जीवाणूंचा थर म्हणजे सरळ केलेले दात जागेवर राहावेत यासाठी वापरल्या जाणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या आवरणावर जीवाणू, त्यांनी स्रवलेली चिकट द्रव्ये आणि लाळेतील प्रथिने यांपासून तयार होणारे पटल होय. अशा पटलास जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. दातांवर साचणारा प्लाक हेही एक जैवपटलच आहे. सुरुवातीला हा थर डोळ्यांना दिसत नाही. साफसफाई न झाल्यास रिटेनर धूसर होतो, त्याला दुर्गंधी येऊ लागते आणि त्यावर पांढरट, कठीण कीटण चढते. हा थर केवळ पाण्याखाली धरून निघत नाही, तो घासून काढावा लागतो. रिटेनर दीर्घकाळ वापरायचा असल्यामुळे त्याची स्वच्छता हा उपचाराचाच एक भाग मानला जातो.

पार्श्वभूमी

तारा किंवा अन्य साधनांनी सरळ केलेल्या दातांमध्ये मूळ जागी परत सरकण्याची प्रवृत्ती असते. दाताला जबड्याच्या हाडाशी जोडणाऱ्या तंतूंना नव्या स्थितीशी जुळवून घेण्यास काही महिने लागतात. हिरडीतील लवचिक तंतूंना त्याहून अधिक, वर्षभराचा किंवा त्यापेक्षाही जास्त काळ लागू शकतो. वयानुसारही दात थोडेफार सरकत राहतात. त्यामुळे उपचार संपल्यानंतर रिटेनर वापरावा लागतो. अनेकांना तो रात्री कित्येक वर्षे वापरण्याचा सल्ला दिला जातो.

अमेरिकी दंतवैद्य चार्ल्स हॉली यांच्या नावाने ओळखला जाणारा रिटेनर तार आणि ॲक्रिलिक यांचा असतो. तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून वापरात आहे. पारदर्शक रिटेनर त्यानंतरचे आहेत. रॉबर्ट पोनिट्झ यांनी १९७१ मध्ये अशा ‘अदृश्य’ रिटेनरांचे वर्णन प्रसिद्ध केले, तर जॉन शेरिडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘एसिक्स’ या नावाचा प्रकार मांडला. दातांच्या साच्यावर सुमारे १ मिलिमीटर जाडीचा तापवलेला प्लॅस्टिकचा पत्रा निर्वात दाबाने घट्ट बसवून हा रिटेनर तयार करतात. त्यासाठी मुख्यतः पॉलिप्रॉपिलीन किंवा ग्लायकॉलयुक्त पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट यांसारखी उष्णतेने मऊ होणारी प्लॅस्टिके वापरली जातात.

थराची निर्मिती

रिटेनर तोंडात घातल्यावर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचे अतिशय पातळ आवरण त्याच्या पृष्ठभागावर चिकटते. या आवरणावर प्रथम स्ट्रेप्टोकॉकस गटातील काही जीवाणू आणि ॲक्टिनोमायसिस स्थिरावतात. त्यांचे विभाजन होऊन काही तासांत लहान वसाहती तयार होतात. हे जीवाणू बहुशर्करा, प्रथिने इत्यादींचे चिकट जाळे निर्माण करतात आणि त्या जाळ्यात इतर जाती येऊन अडकतात. फ्यूजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा लांबट जीवाणू आधी आलेल्या आणि नंतर येणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या जीवाणूंना चिकटू शकतो. त्यामुळे तो त्यांच्यातील दुव्याचे काम करतो.

चिकट जाळ्यामुळे आतील जीवाणूंना संरक्षण मिळते. जंतुनाशक द्रव्य बाहेरच्या भागात निष्प्रभ होते किंवा खोलवर पोहोचत नाही, शिवाय आतील जीवाणूंची वाढही मंद असते. डच संशोधक आंतोनी व्हान लेवेनहुक यांनी १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात दातांवरील पांढऱ्या थरातील हालचाल करणाऱ्या सूक्ष्म जीवांचे वर्णन केले होते. व्हिनेगरने दात धुतल्यावर थराच्या बाहेरील बाजूचेच जीव मरतात, असेही त्यांच्या लक्षात आले होते.

रिटेनरवर थर साचण्यास अनुकूल कारणे

मानवी मुखात जीवाणूंच्या ७०० हून अधिक जाती आढळल्या आहेत. त्यांपैकी बहुतेक निरोगी माणसाच्या तोंडातही असतात. त्यांचे प्रमाण एरवी लाळेचा प्रवाह तसेच जीभ आणि गाल यांच्या घर्षणामुळे मर्यादित राहते. पारदर्शक रिटेनर दातांचे शेंडे व बाजू पूर्ण झाकत असल्यामुळे त्याच्या आतील बाजूस हे दोन्ही पोहोचत नाहीत. हॉली रिटेनरमध्ये दातांचा बराच भाग उघडा राहतो.

रात्रीच्या वापरामुळे यात भर पडते, कारण झोपेत लाळ अत्यल्प प्रमाणात स्रवते. प्लॅस्टिकवरील सूक्ष्म ओरखडे, दातांच्या फटींशी जुळणारे कोपरे आणि खडबडीत कडा यांतही जीवाणूंना आसरा मिळतो.

परिणाम

थर असणे म्हणजे आजार असणे नव्हे. मात्र तो वाढत गेल्यास पुढील परिणाम संभवतात.

दंतक्षय: स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स आणि लॅक्टोबॅसिलस हे साखरेपासून आम्ल तयार करतात. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की दंतवल्क म्हणजेच एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल सौम्य करते आणि खनिजे परत पुरवते. रिटेनरखाली ही क्रिया मंदावते. रिटेनर घालून सरबत, शीतपेय किंवा साखरेचा चहा घेतल्यास तो द्रव आत साठून दातांशी दीर्घकाळ संपर्कात राहतो.

हिरड्यांचा दाह: रिटेनरच्या कडेशी साचलेल्या थरामुळे हिरड्या लाल होणे, सुजणे व त्यांतून रक्त येणे असे प्रकार घडतात.

बुरशीचा संसर्ग: कॅन्डिडा अल्बिकन्स हे किण्व प्लॅस्टिकला चिकटू शकते. मधुमेही व रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींना त्याचा धोका अधिक असतो.

कीटण: लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट थरात साचून तो कठीण होतो. लाळग्रंथींच्या मुखांजवळ, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतील बाजूस आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूस, हे प्रमाण जास्त असते.

दुर्गंधी किंवा खरखरीतपणा यांमुळे काहीजण रिटेनर वापरणेच सोडून देतात. त्यानंतर दात सरकू लागतात आणि काही काळाने तोच रिटेनर बसेनासा होतो. अशा वेळी नवा रिटेनर किंवा पुन्हा उपचार करावे लागतात.

स्वच्छता

रिटेनर काढल्यावर लगेच, थर वाळण्यापूर्वी, तो थंड किंवा कोमट पाण्याखाली धरून मऊ ब्रशने आतून व बाहेरून घासावा, असा सर्वसाधारण सल्ला आहे. सोबत सौम्य द्रवरूप साबण चालतो. टूथपेस्टमधील घर्षक कणांमुळे प्लॅस्टिकवर ओरखडे पडू शकतात व पुढे तेथेच थर लवकर धरतो. रिटेनर पुन्हा घालण्यापूर्वी दातही घासलेले असावेत, अन्यथा दातांवरचा थर स्वच्छ रिटेनरखाली तसाच बंद होतो.

बाळाच्या बाटलीप्रमाणे रिटेनर उकळून निर्जंतुक करणे योग्य नाही. वर उल्लेखिलेले टेरेफ्थॅलेट प्लॅस्टिक सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमानाला मऊ होऊ लागते. आकार किंचित बिघडला तरी रिटेनर दातांवर नीट बसत नाही किंवा दातांवर चुकीचा दाब देतो.

कवळी स्वच्छ करण्याच्या फसफसणाऱ्या गोळ्या पाण्यात ऑक्सिजन मुक्त करून थर सैल करतात. त्या घासण्याला पूरक आहेत, पर्याय नव्हेत. काही गोळ्यांतील परसल्फेट क्षारांची ॲलर्जी होऊ शकते. गोळीच्या द्रावणात ठेवलेला रिटेनर तोंडात घालण्यापूर्वी नीट धुवावा लागतो. सौम्य केलेल्या व्हिनेगरने कीटण काही प्रमाणात विरघळते. मात्र व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र केल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो, म्हणून ते कधीही मिसळू नयेत.

तोंडात नसताना रिटेनर हवा खेळणाऱ्या डबीत ठेवला जातो. ही डबीही नियमित धुणे आवश्यक असते. तडे गेलेला, कायमचा धूसर झालेला किंवा कीटण न निघणारा रिटेनर दंतवैद्याला दाखवून गरजेनुसार बदलला जातो.

हेही पाहा

दंतक्षय
लाळ
जीवाणू
कवळी