प्रथिनाचा ठावठिकाणा

पेशीच्या केंद्रकातली प्रथिनं नेमकी कुठे असतात आणि काय करतात, यावर लेख हवा, असं संपादक म्हणाले. पुण्यात त्यासाठी जायचं ते गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारात. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, सगळ्यांच्या तोंडी ‘एनसीसीएस’. १९८६ साली स्थापन झालेली ही संस्था देशभरच्या प्रयोगशाळांना जिवंत पेशी पुरवते. हा अधिकृत इतिहास. माझं लक्ष मात्र सॅटबी-१ नावाच्या एका प्रथिनात अडकलं.

हे प्रथिन तसं लहानखुरं नाही. त्याच्या शेजारचं हिस्टोन एच-४ जेमतेम शंभर अमिनो आम्लांचं, हे ७६३ चं. उंदराच्या थायमस ग्रंथीतल्या पेशीत डीएनए निळा आणि सॅटबी-१ हिरवं रंगवून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की दाट गुंडाळलेल्या डीएनएच्या निळ्या गोळ्यांभोवती हिरवी जाळी दिसते. तिला डीएनएचे फास ठिकठिकाणी अडकलेले असतात. अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेने ही जाळी २००३ मध्ये दाखवली. त्याच प्रयोगशाळेत काम करून आलेल्या संजीव गलांडे यांनी एनसीसीएसमध्ये पुढचा प्रश्न धरला: जाळीला काम नेमून देतं कोण? २००६ मध्ये त्यांच्या गटाने उत्तर दिलं. सॅटबी-१ वर ठरावीक जागी फॉस्फेट चिकटला, तर ते जनुक बंद करणाऱ्या एन्झाइमशी हातमिळवणी करतं. फॉस्फेट निघाला, की जनुक उघडणाऱ्याशी. प्रथिन तेच, फक्त जोडीदार बदलतो. हे वाचून मी अक्षरशः थक्क झालो.

पण त्या हिरव्या रंगावर भरवसा किती ठेवायचा? रंग लागतो तो अँटीबॉडीच्या मार्फत, आणि सॅटबी-१ ला सॅटबी-२ नावाचं सख्खं भावंड आहे. अँटीबॉडी चुकून त्यालाच धरत नाही ना, हे सॅटबी-१ चं जनुक काढून टाकलेल्या पेशीत तपासावं लागतं. शिवाय फोटोतली पेशी मेलेली असते, फॉर्मल्डिहाइडने जागच्या जागी थिजवलेली. एचएमजीबी-१ या छोट्या प्रथिनाने इथेच चकवलं होतं. पेशी विभागताना ते गुणसूत्रांवर नसतं, असं थिजवलेल्या पेशी सांगत. जिवंत पेशीत पाहिलं तर ते तिथेच होतं. फॉर्मल्डिहाइडच्या प्रक्रियेतच ते हललं होतं. एरवीही केंद्रकातली बरीच प्रथिनं एका जागी टिकत नाहीत. जिवंत पेशीत अशा चमकत्या प्रथिनांचा लेझरने विझवलेला ठिपका काही सेकंदांत पुन्हा उजळतो, कारण शेजारची प्रथिनं तिथे येऊन पोचतात. आणि केंद्रकात डीएनए वाकवणारं हेच एचएमजीबी-१ जखमी पेशीतून बाहेर सांडलं, तर रोगप्रतिकार यंत्रणा त्याला धोक्याची सूचना मानते आणि दाह सुरू होतो. जागा बदलली, की कामच बदलतं.

तेव्हा फोटो कितीही देखणा असो, जिवंत पेशीतला पुरावा सोबत नसेल तर तो पत्ता मी तरी कच्चाच धरेन.