कंपनी गेली, यंत्र उरले

१९८१ साली अमेरिकेत ‘ऑस्बोर्न-१’ हा संगणक १७९५ डॉलरला बाजारात आला. शिवणयंत्राच्या पेटीएवढा आकार, सुमारे ११ किलो वजन आणि जेमतेम ५ इंचांचा पडदा. तरीही हाती धरून नेता येणारा आणि व्यापारी यश लाभलेला तो पहिलाच संगणक होय. त्याचा जनक ॲडम ऑस्बोर्न याचे बालपण तामिळनाडूत गेले आणि २००३ मध्ये त्याचे निधनही तेथेच, कोडाईकनाल येथे झाले. कंपनीचे दिवाळे मात्र १९८३ मध्येच वाजले होते. म्हणजे गेली चार दशके या यंत्राला ना निर्माता आहे, ना हमी. असे असूनही हौशी मंडळी ते आजही चालू करतात.

वर्षानुवर्षे बंद असलेले असे यंत्र हाती येताच विजेला जोडणे हा अविचार ठरतो. त्याच्या वीजपुरवठा विभागातील कागदी कपॅसिटरांच्या आवरणाला काळाने बारीक चिरा पडतात, दमटपणा आत शिरतो आणि वीज देताच उग्र वासाचा धूर निघतो. ते आधी बदलावे लागतात. मग स्मृतीला मिळणारे अधिक १२, अधिक ५ आणि उणे ५ व्होल्ट हे तिन्ही दाब मोजायचे. उणे ५ क्षुल्लक भासतो खरा. परंतु तोच नाहीसा झाला तर ४११६ जातीच्या चिप निकामी होतात. अशा ३२ चिप मिळून अवघी ६४ किलोबाइट स्मृती! त्यांतील सदोष कोणती हे हुडकणे चिकाटीचेच काम. कित्येकदा मात्र फ्लॉपीच्या खणातील वाचनशीर्ष स्पिरिटने पुसणे एवढाच उपाय पुरतो.

हे सारे शक्य होते याचे कारण निर्मात्याचे औदार्य नव्हे. ऑस्बोर्नला यंत्र स्वस्त हवे होते, म्हणून त्याने झेड-८० सारखे खुल्या बाजारात मिळणारे भाग वापरले. आजच्या अनेक सडपातळ लॅपटॉपांत स्मृती मुख्य पाटीलाच डाख देऊन जोडलेली असते. भारत सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी संकेतस्थळही उघडले. परंतु माहिती मिळणे निराळे आणि सुटा भाग वाजवी किमतीत मिळणे निराळे. हप्त्याने लॅपटॉप घेणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला, एक चिप बिघडली तरी, अख्खी पाटी बदलण्याचाच सल्ला बहुधा ऐकावा लागतो.