पूर ओसरल्यावर मनाला कोणता उपचार?

2025 मध्ये शुक्रवारी, 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिन झाला. त्या वर्षीचा विषय होता आपत्तीच्या काळात मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा. बीडला तो समजावून सांगायची गरज नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीत सिंदफणा आणि गोदाकाठची रानं पाण्याखाली गेली, सोयाबीन जागेवर कुजलं, कुठं वावरातली मातीच खरडून गेली. 7 ऑक्टोबरला राज्य सरकारनं 31,628 कोटींची मदत जाहीर केली. तिचे निकष आणि पंचनामे यांवर तेव्हा रोज छापून येतच होतं. अशा वेळी पूरग्रस्तांना समुपदेशन द्या, अशीही मागणी होते आणि ती रास्त आहे. पण कोणतं, कुणाला आणि कधी, हे फारसं कुणी विचारत नाही. ते विचारलंच पाहिजे. चुकीच्या वेळी केलेला मनाचा उपचार वाया जातो, कधी कधी अपायही करतो.

जगाला हा धडा उशिरा मिळाला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मोठा अपघात किंवा भूकंप झाला की तज्ज्ञांची पथकं लगेच जायची आणि वाचलेल्यांना एकाच बैठकीत सगळा प्रसंग तपशिलानं सांगायला लावायची. एकदा मन मोकळं झालं की पुढचा त्रास टळेल, असा समज होता. नंतर अभ्यास झाले, तेव्हा त्या एका बैठकीनं काहीच टळत नाही असं दिसलं. काही जणांचा त्रास तर उलट वाढलेला आढळला. जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्ये काढलेली मार्गदर्शिका म्हणून वेगळं सांगते. बघा, ऐका, जोडून द्या, एवढीच तिची शिस्त. माणसाला जेवण, कोरडी जागा, रोजचं औषध मिळालं का ते बघायचं. तो बोलेल तेवढं ऐकायचं, खोदून विचारायचं नाही. आणि तलाठी, बँक, दवाखाना, पाहुणेरावळे यांच्याशी त्याची गाठ घालून द्यायची. याला मानसिक प्रथमोपचार म्हणतात आणि त्यासाठी पदवी लागत नाही. पंचनाम्याला आलेला कर्मचारी ओसरीवर दहा मिनिटं टेकला आणि त्यानं नीट ऐकून घेतलं, तरी त्या घरापुरता तो झाला.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत झोप न लागणं, आभाळ भरून आलं की काळीज धडधडणं, चिडचिड होणं हा आजार नव्हे. बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं. दीड-दोन महिन्यांनंतरही ‘करमंना’, ‘कशातच मन लागंना’ चालूच असेल, माणूस रानाकडं फिरकत नसेल, जेवण सुटलं असेल, तर मात्र उपचाराची वेळ आली असं समजावं. मरणाची भाषा कुणी केली तर एक दिवसही थांबू नये, त्याला एकटं सोडू नये.

मग कोणती थेरपी? नावं ढीगभर आहेत. दुखणं कोणतं हे आधी ठरलं की निवड बरीच सोपी होते. कानात आवाज येत असतील, सगळे आपल्या वाईटावर टपलेत असा पक्का संशय असेल, किंवा माणूस कित्येक दिवस झोपेविना अफाट बोलत आणि खर्चत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ आणि औषध. बोलण्याचा उपचार त्यानंतर, घरच्यांना सोबत घेऊन. दारूचंही तसंच. रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडायची. त्यापुढचं काम माणसांच्या संगतीचं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात 35 दिवसांच्या उपचारात गटाला इतकं महत्त्व आहे आणि बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे, तो याच अनुभवातून. मंत्रचळ असेल, म्हणजे हात धूत राहणं, कुलूप पुन्हा पुन्हा बघणं, तर तो गप्पांनी जात नाही. भीती वाटते ती गोष्ट पायरीपायरीनं करायची आणि हात धुणं मात्र रोखायचं, असा त्याचा खास उपचार आहे. तो येणाराच माणूस शोधावा. पुराचं किंवा अपघाताचं दृश्य महिना उलटून गेल्यावरही डोळ्यांपुढून हलत नसेल, तर आघातासाठीची सीबीटी (विचार आणि वर्तन यांवर काम करणारी थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं आठवणीची धार कमी करणारी थेरपी), आणि तीही त्याचं प्रशिक्षण घेतलेल्याकडूनच.

बीडमध्ये आणखी एक गोष्ट आधी बघायला हवी. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. तिशी-पस्तिशीत पिशवीबरोबर अंडाशयंही काढली गेली असतील, तर झोप उडणं, उदास वाटणं याचं मूळ शरीरातल्या बदलांत असू शकतं. थायरॉइड बिघडला, रक्त कमी झालं, तरी माणूस असाच गळून जातो. अशा बाईला तपासणीआधीच ‘सकारात्मक विचार करा’ म्हणून घरी पाठवणं हा अन्याय आहे.

उरतात ती सर्वांत जास्त आढळणारी दोन दुखणी, उदासीनता आणि चिंता. इथं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याची पद्धत मराठी माणसाला जितकी जवळची झाली तितकी दुसरी कुठलीच झाली नाही. न्यूयॉर्कचा हा तरुण एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायला विलक्षण घाबरायचा. त्यानं स्वतःवरच प्रयोग केला. ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात रोज जायचं, बाकावर एकटी स्त्री दिसली की शेजारी बसायचं आणि मिनिटभराच्या आत बोलायला लागायचं. महिनाभरात तो शंभर जणींशी बोलला. एकीनं भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. पण त्याची भीती गेली. पुढं तो मनोविश्लेषण शिकला, वर्षानुवर्षं रुग्णाचं बालपण उकरत बसण्याला विटला आणि 1955 मध्ये त्यानं स्वतःची पद्धत मांडली. पीक गेलं, हा प्रसंग. ‘पीक गेलं, आता चारचौघांत तोंड दाखवायच्या लायकीचा मी उरलो नाही’, हा त्याविषयीचा समज. पहिल्यानं दुःख होतं आणि ते व्हायलाच हवं. माणूस खचतो तो दुसऱ्यानं. तो समज पकडायचा, तपासायचा, त्याच्याशी वाद घालायचा. कि. मो. फडके यांनी ही विवेकनिष्ठ पद्धत महाराष्ट्रात रुजवली, ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती घराघरांत नेली, अंजली जोशी यांनी एलिसवर ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी लिहिली.

एलिसचं मला मोठं आकर्षण आहे, तरी एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. सावकाराचा तगादा हा ‘समज’ नव्हे. मुकादमाकडून घेतलेली उचल हा ‘समज’ नव्हे. ज्याच्या वावराची माती वाहून गेली त्याला पहिल्याच भेटीत विचार बदलायला सांगणारा समुपदेशक त्याला गमावून बसतो, आणि ते योग्यच आहे.

अशा माणसाला जास्त उपयोगी पडते ती साधी, कृतीपासून सुरू होणारी पद्धत. बिहेविअरल ॲक्टिव्हेशन म्हणतात तिला. समजा, गेवराईकडचा पन्नाशीचा शेतकरी आहे. समुपदेशक ताई त्याला वहीचं पान आखून देते: सोमवार ते रविवार, सकाळ, दुपार, संध्याकाळ. ‘काका, आठ दिवस काय काय केलं ते नुसतं लिवा, त्यापुढं मनाला कसं वाटलं ते दहापैकी मार्कात.’ पुढच्या भेटीला पान भरून येतं. निजून होतो, 2. निजून होतो, 1. पारावर गेलो, लोकांनी विचारलं म्हणून परत आलो, 1. गुरुवारी संध्याकाळी बैलाला धुतलं, 5. ताई त्या पाचावर बोट ठेवते. उपदेश करत नाही, नशीब-कर्म काढत नाही. ‘ह्ये आणखी दोन दिस जमंल का?’ एवढंच विचारते. पुढच्या आठवड्यात त्यात बँकेत चौकशीला जाण्याचं, टाळत आलेलं काम घालते, पण भावाला सोबत घेऊन.

याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात ‘संगथ’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, तीव्र उदासीनतेच्या 495 रुग्णांवर ही पद्धत तपासली. बैठका सहा ते आठ. घेणारे समुपदेशक मानसशास्त्राची पदवी नसलेले, त्याच कामासाठी शिकवून तयार केलेले. तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या रुग्णांपैकी 64 टक्के आजारातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. 2017 मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढं मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात आशाताईंनाच हे शिकवण्याचं काम संगथनं हाती घेतलं.

आपल्याकडं 2015 पासून मराठवाडा-विदर्भाच्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आहे, बीड त्यात आहे. आशा घरोघर जाऊन प्रश्नावली भरतात आणि त्रास असलेला माणूस हुडकतात. हुडकलेल्या माणसाला पुढं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठायचं असतं. पाटोदा-आष्टीकडच्या माणसानं रोज बुडवून अंबाजोगाईला आठ वेळा जायचं? तो जात नाही. मग ‘रुग्णच येत नाहीत’ असं म्हटलं जातं. त्या सहा-आठ बैठका गावात घेता येतात, घेणारी आशाताई गावात आहे, तिला शिकवा आणि त्या कामाचा वेगळा मोबदला द्या. फुकटात आणखी एक ओझं तिच्या डोक्यावर टाकून हे होणार नाही.

खासगी समुपदेशकाकडं जाणार असाल तर पाटीवरच्या अक्षरांकडं नीट बघा. औषध देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते; ती विचारायला लाजू नका. नुसतं ‘समुपदेशक’ हे बिरुद चार दिवसांच्या शिबिरानंतरही लावलेलं दिसतं. कोणती पद्धत वापरणार, अंदाजे किती बैठका, घरी काय करायचं, हे पहिल्याच भेटीत विचारा. चार-पाच बैठका होऊनही काहीच हललं नाही तर तसं तोंडावर सांगा. चांगला माणूस पद्धत बदलतो किंवा दुसऱ्याकडं पाठवतो. आणि पोलिसांच्या भीतीनं काही लपवू नका. तुमचं बोलणं गुप्त ठेवणं 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं बंधनकारक आहे. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा करणारं जुनं 309 कलमही जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ठेवलेलं नाही.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात आणि सुरू झालेले उपचार मधेच तुटतात. जाण्याआधी समुपदेशकाला तसं सांगा, उरलेल्या बैठका फोनवर ठरवून घ्या. औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि पुढच्या गोळ्या सोबत न्या, बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नका. टेली-मानसचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि फडावरच्या कोपीतूनही तो लावता येतो.