रानात जस्त, पिकाला उपवास

बेळगाव-निपाणी पट्ट्यात जस्ताची खाण नाही. देशातलं बहुतेक जस्त राजस्थानातून येतं. उदयपूरजवळच्या जावरला तर मध्ययुगातच वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भट्टीत उलट्या लावून जस्ताची वाफ खाली उतरवत आणि थंड करत. एवढा खटाटोप करण्याचं कारण धातूच्या स्वभावात आहे. जस्त 907 अंशांना उकळतं आणि खनिजातून सुटायला त्याहून जास्त उष्णता लागते. त्यामुळे ते सुटतं ते वाफ होऊनच आणि हवा लागताच त्याची राख होते. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनला या कामाचं पेटंट मिळालं ते 1738 साली. मोकळं न राहण्याची ही खोड आपल्या उपयोगाचीही आहे. जीआय पत्र्यावर ओरखडा पडला तरी लोखंड लगेच गंजत नाही, कारण आधी जस्त झिजतं. आपल्याकडचा पाऊस पाहता ही काही लहान सेवा नव्हे.

जमिनीत जस्त धातुरूपात नसतं, पण तिथेही ते सहजी मोकळं सापडत नाही. निपाणीकडची काळी रानं बसाल्ट खडकाची आणि त्या खडकात जस्त बऱ्यापैकी असतं. एकरभर रानातल्या वरच्या वीतभर मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो. किलोमागे 60 मिलिग्रॅम जस्त धरलं तर एकरात 54 किलो होतं. प्रयोगशाळेतली उणिवेची रेषा मात्र किलोमागे 0.6 मिलिग्रॅम उपलब्ध जस्ताची आहे, म्हणजे एकरी अवघे 540 ग्रॅम. माझ्या मते सारा प्रश्न या दोन आकड्यांमधल्या दरीत आहे. सामू एका अंकाने चढला की मातीच्या पाण्यातलं मोकळं जस्त जवळपास शंभरपट घटतं. चुनखडी त्याला धरून ठेवते आणि स्फुरदाचा मारा पिकाला ते घेऊ देत नाही. जस्त रानात आहे, मुळाच्या तोंडी लागत नाही.

आजोबांनी कधी झिंकची पिशवी आणली नव्हती, असा आक्षेप येतो. खरं आहे. पण त्यांचं उत्पन्न कमी होतं, शेणखत भरपूर होतं आणि डीएपीची पोती नव्हती. आजचा ऊस एकाच हंगामात कितीतरी जास्त उपसून नेतो.

मग दरसाल पोतं ओतलं की झालं, असं दुसरी बाजू म्हणते. तेही पटत नाही. चुनखडीच्या रानात ओतलेलं झिंक सल्फेटही बघता बघता बांधलं जातं. शिवाय रोगाची ओळखच चुकते. कोवळं पान टोकापर्यंत बारीक रेघांनी पिवळं पडतं तो केवडा बहुधा लोहाच्या उणिवेचा. जस्त कमी असलं तर पट्टे रुंद आणि पेरं आखूड. दुकानात मात्र दोन्हींवर एकच पुडी! माती तपासल्याशिवाय हा घोळ सुटत नाही. 2015 पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत जस्ताचा रकाना आहे, तो वाचायचा. पिशवीवरचा आकडाही पाहायचा, कारण एका प्रकारच्या झिंक सल्फेटमध्ये 21 टक्के जस्त असतं तर दुसऱ्यात 33. मात्रा त्या हिशेबाने बदलते. सुपर फॉस्फेटबरोबर ते मिसळू नये. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून सरीत द्यावं. शेणखतातली सेंद्रिय आम्लं जस्ताला धरून ठेवतात, पण मुळाला सोडवता येईल इतपतच.