बदकाची पिल्ले : पहिला आठवडा सांभाळा



उसाबरोबर ज्यांच्या घरी बदके आहेत, त्यांच्यासाठी आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

गावठी बदकाची अंडी सुमारे २८ दिवसांनी फुटतात. पिल्ले निघाली की पहिला दिवस मादीला छेडू नये. पोटातल्या बलकावर पिल्लू दिवसभर निभते, मग चारायची घाई कशाला? ऊब मादीच देते. आपण कोरडे तणस घालावे आणि मांजर, मुंगूस, कावळा यांच्यापासून राखण करावी.

पाण्याचे भांडे उथळ हवे. नाकपुड्यांपर्यंत चोच बुडावी, पण पिल्लू बुडू नये. मादीविना वाढणारी पिल्ले लगेच पोहायला सोडू नयेत, भिजून गारठली की मरतात.

भरडा ओला करून द्यावा. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड मात्र मुळीच नको. १९६० साली इंग्लंडमध्ये अशाच पेंडीने लाखावर टर्कीची पिल्ले मेली, बदकाचीही मेली. हे विष बदकाला फार लवकर बाधते.

आणखी एक. उसात दाणेदार कीटकनाशक टाकले असेल, तर त्या सऱ्यांत मादी पिल्ले घेऊन शिरणार नाही, एवढे बघाच.

— ऊस विकास अधिकारी