पाप कोणाचे?



मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा सातवीपर्यंत, पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, दिवसाची कामे उरकल्यावर. धर्मशास्त्र हा माझा विषय नव्हे आणि वैद्यकही नव्हे. तरीही स्वमग्न मुलाची आई आणि तिची ख्रिस्ती श्रद्धा या विषयावर मी बोलायला उभा आहे, याला कारण आमच्या युनियनची एक सभासद.

ही बाई नगरकडची, ख्रिस्ती, एका इस्पितळात आयाचे काम करणारी. मुलगा नऊ वर्षांचा. बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, फिरत्या पंख्याकडे तास तास पाहत राहतो, आणि भिंतीवरचे कॅलेंडर हलवले तर दिवसभर आकांत करतो. शेजारीण दुपारनंतर त्याला सांभाळू शकत नाही, म्हणून बाईंना कायम पहिली पाळी हवी होती. त्यासाठी साहेबांशी तीनदा बोलणी झाली, तिन्ही वेळा फुकट. तिसऱ्या वेळी बाहेर पडताना मी चिडून म्हणालो, "बाई, तुम्ही एवढी प्रार्थना करता, तुमचा देव करतो तरी काय?"

त्या म्हणाल्या, "भाऊ, तो काय करतो ते मला कुठं ठाऊक? पण हे कोणाच्या पापाचं फळ, असं जो तो मला विचारतो ना, त्याचं उत्तर त्यानं देऊन ठेवलंय. योहानाचा नववा अध्याय वाचा."

मी वाचला. रस्त्यात जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रश्नाची गंमत पाहा. जन्मतःच जो आंधळा, त्याने पाप केव्हा करायचे? आपल्याकडे अशा वेळी पूर्वजन्म हाताशी असतो. येशूचे उत्तर मात्र सरळ आहे: याचेही नाही आणि आईबापांचेही नाही, देवाचे कार्य याच्या ठायी दिसावे म्हणून हे आहे.

हा जुन्या काळचा अडाणी प्रश्न म्हणून आपण सोडून दिला असता. पण विसाव्या शतकात तोच प्रश्न पांढरे कोट घातलेल्या विद्वानांनी विचारला, आणि येशूच्या उलट उत्तर दिले.

१९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. स्वमग्नता हा स्वतंत्र प्रकार म्हणून वैद्यकाच्या नजरेस आणला तो या लेखाने. त्यातला पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याची आई मेरी प्रेस्बिटेरियन पंथाच्या महाविद्यालयात शिकलेली. डोनाल्ड दोन वर्षांचा होता तेव्हा त्याला तेविसावे स्तोत्र, परमेश्वराला मेंढपाळ म्हणणारे, तोंडपाठ होते. आणि त्या पंथाच्या प्रश्नोत्तरावलीतील पंचवीस प्रश्न उत्तरांसह येत होते. हे खुद्द कॅनरच्या लेखात नमूद आहे. आणि तिथेच हेही आहे, की मूल एरवी कोणाला काही विचारीत नसे, विचारलेल्याचे उत्तर देत नसे, आई आली काय नि गेली काय, त्याला पर्वा नसे. देवाविषयीची पंचवीस उत्तरे म्हणणारे आणि आईच्या एका हाकेला ओ न देणारे मूल! त्या घरात कोणत्या प्रकारची श्रद्धा टिकेल? नवसाची तर नक्कीच नव्हे. नवस फेडून घ्यायचा असतो. इथे परतफेड म्हणून साधे हसूही मिळत नव्हते.

१९३७ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने डोनाल्डला घराबाहेर, एका संस्थेत ठेवले. वर्षभराने, संस्थाप्रमुखांची नाराजी पत्करून, आईबापांनी त्याला परत आणले. पुढे १९४२ मध्ये त्याला जवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहायला दिले. हा भाग मला फार आवडतो. मुलाला मापे घेण्याचे वेड, तर त्यांनी त्याला विहीर खणायला लावले आणि खोली मोजून सांगायला लावली. मेलेले पक्षी गोळा करी, तर त्यांच्या दफनासाठी जागेचा तुकडा दिला. मोजण्याचा नाद, तर मक्याच्या ओळी नांगरता नांगरता मोजू दिल्या. १९४५ मध्ये कॅनर तिथे गेले आणि या दोघांचे शहाणपण पाहून थक्क झाले. पदवी कोणाजवळच नव्हती. कामाला माणूस कसा लावायचा हे शेतकऱ्याला कळते.

इकडे शास्त्र काय करीत होते? कॅनरनी दोष उपजत असावा असेही लिहिले होते, पण आईबाप थंड स्वभावाचे आहेत हे त्यांचे निरीक्षणच गाजले. अशा आयांना रेफ्रिजरेटरची उपमा मिळाली. १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांनी एक ग्रंथच लिहून आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनरनी आईबापांना निर्दोष ठरवले. १९७७ मध्ये जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा पुरावा पुढे आला. मधल्या वर्षांत किती आयांनी स्वतःला अपराधी मानून रात्री काढल्या असतील, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

डोनाल्ड पुढे मेथडिस्ट मंडळीच्या महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, मोटार चालवली, एकट्याने देशोदेशी हिंडला, आणि २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. गावाने त्याला आपला मानले होते. मात्र कामगार कार्यकर्ता म्हणून एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे: ती बँक त्याच्या आजोळची होती. आमच्या बाईंच्या माहेरी बँक नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचे नाव आहे, पण पाळी ठरवणाऱ्या साहेबांच्या टेबलापर्यंत तो कागद अजून पोहोचायचा आहे.

श्रद्धेच्या नावाने या बाईंना छळणारेही भेटले. बाहेरगावच्या एका प्रार्थना करणाऱ्याने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि गुण आला नाही तेव्हा, तुमचा विश्वास कमी पडतो, असे सुनावले. म्हणजे पुन्हा पाप आईचेच! बाई घरी आल्या आणि दोन रविवार देवळात गेल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी मंडळीतल्या चौघी जणी घरी आल्या. उपदेश केला नाही. एकीने भांडी घासली, एकीने मुलाला पंख्यासमोर बसवून त्याच्याशेजारी बसकण मारली, आणि बाई तीन तास झोपल्या. देवाचे कार्य दिसावे याचा अर्थ मी त्यांना विचारला, तेव्हा मुलगा बरा होईल असे त्या म्हणाल्या नाहीत. या तीन तासांविषयी बोलल्या.

चौथ्या बोलणीला त्या स्वतः आल्या होत्या. साहेबांनी, घरात आणखी कोणी नाही का, नवरा काय करतो, असे सुरू केले. बाई म्हणाल्या, "साहेब, दोष कोणाचा ते राहू द्या. पाळीचं बोला." आजवर मी पुष्कळ वाटाघाटी केल्या, पण इतके नेमके वाक्य मला सुचलेले नाही. सहा महिन्यांसाठी पहिली पाळी मिळाली आहे, पुढचे पुढे.

मध्यंतरी मी त्यांच्या देवळात जाऊन आलो. मुलगा शेवटच्या बाकाजवळ उभा राहून वर पाहत होता. दिवस थंडीचे होते आणि मंडळी शाली गुंडाळून बसली होती, पण त्या कोपऱ्यातला पंखा चालू होता. पाळकांनीच तो चालू ठेवायला सांगितला होता.