आकाशांतील मालवाहतुकीचा ठेका

अलिबागेच्या समुद्रकांठीं सायंकाळीं फिरावयास जाणाऱ्या मंडळींपैकीं कित्येकांनीं तो ठिपका पाहिला असेल. सूर्य मावळून अर्धापाऊण तास झालेला असतो, कुलाब्याचा किल्ला भरतीच्या पाण्यांत काळा दिसूं लागतो, आणि तेवढ्यांत वायव्येकडून एक तेजस्वी तारा न लुकलुकतां सरकत येऊन चार-पांच मिनिटांत आग्नेयेस नाहींसा होतो. तो तारा नव्हे. तें अंतराळ स्थानक होय. त्याची उंची सुमारें चारशें किलोमीटर, म्हणजे तें आम्हांस नागपुराहूनही जवळ! परंतु तें सेकंदास पावणेआठ किलोमीटर धांवतें व दीड तासांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करतें. उंची गांठणें त्या मानानें सोपें. हा वेग गांठणें हेंच कठीण व खर्चाचें काम. नोव्हेंबर २००० पासून तेथें मनुष्यवस्ती अखंड आहे. वस्ती आली म्हणजे शिधाही आला. तो तेथें पोहोंचवितो कोण, ही जिज्ञासा आम्हांस बरेच दिवस होती.

पूर्वीं हें काम सरकारेंच करीत. २००८ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या 'नासा' संस्थेनें तें दोन खासगी कंपन्यांस ठेक्यानें दिलें. स्पेसएक्स कंपनीनें १२ फेऱ्या १६० कोटी डॉलरांस, व ऑर्बिटल सायन्सेस कंपनीनें ८ फेऱ्या १९० कोटी डॉलरांस पत्करल्या. प्रत्येकीनें किमान वीस टन माल वर न्यावयाचा होता. २५ मे २०१२ रोजीं स्पेसएक्सचें 'ड्रॅगन' यान स्थानकास लागलें. खासगी कंपनीचें यान तेथें पोहोंचण्याची ही पहिलीच वेळ. पुढील वर्षीं दुसऱ्या कंपनीचें 'सिग्नस' गेलें.

माल कोणता, हें आमच्या भगिनीवर्गास सांगण्याजोगें आहे. अन्न, प्राणवायु, उपकरणें, प्रयोगांचें साहित्य, आणि कपडे! स्थानकावर कपडे धुण्याची सोय नाहीं. वापरलेलें वस्त्र टाकूनच द्यावयाचें. पाण्याचा मात्र थेंबही वायां जाऊं देत नाहींत. घाम व मूत्रसुद्धां शुद्ध करून पुन्हा पिण्यास घेतात, तेव्हां सोवळ्याओंवळ्याच्या कल्पना खालींच ठेवून वर जावें लागतें. ड्रॅगन यान परतीचा माल घेऊन छत्रीच्या आधारानें समुद्रांत उतरतें. सिग्नस केरकचरा भरून निघतें व वातावरणांत शिरतांच जळून जातें. २०२५ च्या जूनमध्यें शुभांशु शुक्ला ड्रॅगनमधूनच स्थानकावर गेले, तेव्हां त्यांच्या शिदोरींत आमरस होता. आमच्या शेजारचे एक आंबेवाले गृहस्थ भाडें विचारूं लागले. पहिल्या ठेक्याच्या आंकड्यांवरून आम्हीं हिशेब केला तो किलोस ऐशीं हजार डॉलर आला. गृहस्थ पुन्हा बोलले नाहींत.

२०२० च्या ऑक्टोबरांत गेलेल्या सिग्नसला आपल्या कल्पना चावला यांचें नांव दिलें होतें, आणि त्यामागें 'एस. एस.' हीं अक्षरें होतीं. आगबोटींच्या नांवामागें लावीत तींच हीं! तीं वाचतांच आम्हांस दुसरी एक 'एस. एस.' आठवली.

भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढ अमावास्येस, काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. बोटीवर बिनतारी संदेशाचें यंत्र नव्हतें. मुंबईस बातमी कळावयास कित्येक तास लागले. रेवसच्या कोळीबांधवांनीं आपल्या मचव्यांतून कांहींजणांस वांचविलें. आम्ही त्यानंतर कित्येक वर्षांनीं जन्मलों. पण त्या बोटीचें नांव निघालें कीं घरांतील वडीलमाणसें गप्प होत, हें आम्हीं पाहिलें आहे. वाहतूक खासगी कंपनीकडे सोंपविणें ही आमच्या किनाऱ्यास नवलाई नाहीं. नौका बुडाल्यावर जाब कोणीं द्यावयाचा, हा प्रश्नही तेवढाच जुना.

आकाशांतील ठेकेदारांचीही परीक्षा झालीच. २८ ऑक्टोबर २०१४ रोजीं सिग्नस घेऊन निघालेला अग्निबाण जमीन सोडतांच फुटला. एप्रिल २०१५ मध्यें रशियाचें मालवाहू यान भरकटलें. २८ जून २०१५ रोजीं ड्रॅगनचा अग्निबाण सव्वादोन मिनिटांत आकाशांतच मोडला. आठ महिन्यांत तीन बोटी गेल्या. तरी वर कोणी उपाशी राहिलें नाहीं. कारण तेथें कित्येक महिन्यांची बेगमी असते. जिल्ह्याचें नांव कुलाबा असतांना आमच्या घरींही वैशाखांतच तांदूळ, मीठ, गूळ, आमसुलें व सरपण भरून ठेवीत. दर्या एकदां बंद झाला कीं तो नारळीपौर्णिमेसच उघडे. दुसरें कारण, वाहतूकदार एकच नव्हता. त्याच जुलै-ऑगस्टांत रशियाचें व जपानचें यान पोहोंचलें. ऑर्बिटलनें तर स्वतःचा अग्निबाण दुरुस्त होईतों दुसऱ्या कंपनीचा अग्निबाण भाड्यानें घेऊन डिसेंबरांत माल पाठविला. अशी कंपनी आम्हांस आवडते.

जूनच्या अपघाताची चौकशी मात्र लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. टाकी धरून ठेवणारा एक पोलादी टेकू ठरलेल्या भाराच्या पांचव्या हिश्शासच मोडला. कंपनीनें स्वतःच चौकशी करून दोष त्या तुकड्याच्या धातूवर ठेवला. नासाच्या स्वतंत्र मंडळाचें म्हणणें निराळें पडलें: साध्या औद्योगिक प्रतीचा भाग पुरेशी पारख न करतां वापरला, ही योजनेंतीलच चूक. त्याचा सारांश प्रसिद्ध व्हावयास २०१८ साल उजाडलें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नावध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण आहे. माणसें वा साहित्य अपुरें असल्यामुळें, किंवा डागडुजी न केल्यामुळें नाव बुडाली, तर गेलेला माल नावध्यक्षानें भरून द्यावा, असें आचार्य सांगतात. दोष तांडेलावर ढकलून अधिकाऱ्यास मोकळें होतां येत नाहीं.

हें सर्व परक्यांचें, असें कोणी म्हणूं नये. २०३५ पर्यंत आपलें स्वतःचें स्थानक उभारण्याचा भारत सरकारचा संकल्प आहे. विक्रोळीस गोदरेजच्या व वालचंदनगरच्या कारखान्यांत इस्रोच्या अग्निबाणांचे भाग आजही तयार होतात. २०२० पासून खासगी कंपन्यांस हें क्षेत्र खुलें झालें, आणि नोव्हेंबर २०२२ मध्यें त्यांपैकीं एकीचा लहानसा अग्निबाण श्रीहरिकोट्याहून उडालाही. आपल्या स्थानकाचा शिधा वाहण्याचा ठेका उद्यां कोणासतरी द्यावाच लागेल. दोन वाहतूकदार असावेत, आणि अपघाताची चौकशी ठेकेदाराच्या हातीं नसावी, हीं दोन कलमें त्या करारांत आहेत कीं नाहींत हें आम्ही प्रथम पाहूं. मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनीं त्याआधीं एकदां रेवसच्या धक्क्यावर उभें राहून काशाचा खडक कोणत्या दिशेस येतो हें पाहून यावें, अशी आमची सूचना आहे.